सांबऱ्याच्या मॅचनंतर

कोच सरांना बेळगावहून माधवीचा नमस्कार,

तुमचा गोलकीपर श्रीनाथ माझा धाकटा भाऊ. सुट्टीत तो इथं सांबऱ्याच्या टीमकडून खेळला, तेव्हा डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला. "आक्का, क्लबला कळवू नको, करार मोडतील," म्हणाला.

आज त्याला गोव्याच्या बसवर सोडायला गेले. स्टँडवर त्यानं विचारलं, "आक्का, आपण कुणाला सोडायला आलोय गं?"

मी हसले. तो हसत नव्हता. तशीच रिक्षा करून त्याला दवाखान्यात आणलं.

आत्ताच डॉक्टर सांगून गेले, मेंदूत रक्त साकळलंय, लगेच ऑपरेशन करायला लागतंय. लई भ्या वाटतंय, सर. त्यानं कळवू नको म्हटलंय, म्हणून हे पत्र पाठवायचं बळ न्हाय. आत नेताना त्यानं माझा हात धरला आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

श्रीनाथची आक्का