घाट चढेना

३ मार्च, रविवार
लेक अकरालाच परत! म्हणे गाडी घाट चढत नाही. अर्ध्यावर इंजिनाची ओढच जाते, मागचे ट्रक भोंगे मारतात. गेल्या रविवारीही हेच. नात घाटाच्या वर, बापाकडे असते. कोर्टाने लेकीला आठवड्याचा हा एकच वार दिलाय — तोही गाडीने गिळला.

आठवडाभर औषधांच्या दुकानात उभी राहून पाय भरून आलेत. बोलायलाही अंगात त्राण लागतं.

४ मार्च
लेकीने मोबाइलवर शोधून काढलं. इंजिन म्हणे बॉनेटखालची तापलेली हवा ओढतं, ती विरळ असते. बाहेरची गार हवा दिली तर ताकद वाढते. त्यासाठी वेगळा पाइप आणि फिल्टर मिळतो. सासर सोडून आल्यापासून एवढं सलग बोलताना आजच ऐकलं. म्हटलं, "आण बाई."

७ मार्च
पाइप आला. मी दुकानातून येते तर लेक बॉनेट उघडून उभी, कोपरापर्यंत काळी. "आई, टॉर्च धर. अगं तिकडे कुठे, क्लिपवर!" जुना फिल्टर काढला — देवा! धुळीने गच्च. नुसता तोच बदलला असता तरी भागलं असतं, असं मनात आलं. गिळलं. तिचे हात चालतायत, तेवढं पुरे.

८ मार्च
गाडी आधीपेक्षा मंद! गर्दीत थांबली की मरगळते. लेक स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. मी किराण्याच्या पिशव्या घेऊन एकटीच जिना चढले.

९ मार्च
गॅरेजच्या मिस्त्रीला बोलावलं. बघितलं आणि हसला. "मावशी, फिल्टर उघडाच बसवलाय, इंजिनाच्या शेजारी. गार हवेच्या नावाखाली वाफाच पितोय!" म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग त्याने आणि लेकीने मिळून पत्र्याचा आडोसा केला, पाइपचं तोंड पुढच्या जाळीशी नेलं.

"फरक पडेल ना रे?" मी विचारलं.

"खोक्यावर लिहिलाय भरपूर, रस्त्यावर पडेल थोडासा. पण घाट काय, चढेलच."

१० मार्च, रविवार
परत आली. "अजून ओढ नाही, आई." जेवलीही नाही.

१३ मार्च
राहवेना. मी सुट्टी टाकली. लेक कामाला गेल्यावर मिस्त्रीला म्हटलं, चल, वर जाऊन येऊ. मी शेजारी बसले. गाडी चढली की! कुठेही दम न खाता. शेवटच्या वळणावर जावयाचं घर समोर दिसलं. तिथूनच मागे फिरलो.

"गाडीत खोट नाही, मावशी," मिस्त्री म्हणाला.

१४ मार्च
लेकीला विचारलंच, गाडी तर चढते, मग? ती भांडी घासत होती, पाठमोरी. नळ सोडलेला.

"मागे पोरीला आणायला गेले तेव्हा ती बाबाच्या पायांना बिलगली. म्हणाली, आज नको ना जायला." मग कढई घासत — "त्या वळणाशी आले की पाय आपोआप ब्रेकवर जातो, आई. बसून राहते जरा वेळ. मग वळवते गाडी."

रागवायचं होतं. माझ्या हाडांच्या डॉक्टरकडे जायला सुट्टी टाकली नाही कधी, ती या घाटासाठी टाकली! पण तिचे ओले हात बघितले आणि राग कुठल्या कुठे गेला. नळ मीच बंद केला. पाइपचं नाव दोघींनीही काढलं नाही.

१७ मार्च, रविवार
आज ती निघालीच नाही.

१९ मार्च, मंगळवार
नातीचा फोन. "आजी, आई वळणावर थांबते आणि परत का जाते? मी गच्चीवरून बघते ना! हातपण हलवते. परवा तर आलीच नाही. चिडली का माझ्यावर?"

फोन लेकीच्या हातात दिला नि बाहेर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने आतून हाक आली, "आई, किल्ली कुठेय?"

आज तिचा वार नाही. दिली किल्ली.