बाबांच्या आलुबुखारांचा जॅम

९ जून
अंगणात आलुबुखारांचा नुसता सडा! बाबा जन्मभर माळीकाम केलेले, एरवी एक फळ जमिनीवर राहू देत नसत. पण पाच आठवड्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि वाचाच गेली. तेव्हापासून झाडाखाली कुणी फिरकलेलं नाही. फळं सडतायत, गुलाब गळतायत.
ठरवलं—जॅम करायचा. मी! जिच्या हातचा चहासुद्धा नवरा आधी हुंगून बघतो.

१० जून
दोन बादल्या फळं. निम्मी किड्यांनी आधीच चाखलेली. बिया काढून नखं जांभळी झाली. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक बाई आरशाऐवजी माझी बोटंच बघत होत्या. "घरी रंगकाम काढलंय," म्हटलं. जॅमपायी खोटंही बोलले!

११ जून
जॅम नव्हे, सरबत. नवरा म्हणाला, "पेला आणू?"

१२ जून
पुन्हा आटवला. आता चमचा उभा राहतो—आणि बाहेरच येत नाही. नवरा: "न्हाणीघरातली फरशी निखळलीय, तिथे लाव थोडा."
हसले. मग सिंकपाशी जरा रडले. पातेल्यासाठी नव्हे. बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आज म्हणाल्या, "एव्हाना एखादा शब्द तरी यायला हवा होता." मांजराचं चित्र, घराचं चित्र—बाबा ढिम्म. भिंतीकडे तोंड.

१४ जून
तिसरा डाव. गुलाबाच्या पाकळ्याही घातल्या. बाबांनी झाडांवर कधी औषध मारू दिलं नाही, तेवढा भरवसा. वास काय सुटला होता!
तेवढ्यात दादाचा फोन. "बाबांना एखाद्या संस्थेत ठेवू या. तुला नाही झेपायचं." मी जी तावातावाने भांडले! "माझे बाबा कुठेही जाणार नाहीत," असं ओरडेपर्यंत पातेल्यात जॅम तळाला लागला. भांडण मी जिंकले, जॅम हरला. वरचा वरचा काढून बाटलीत भरला. रंग बरा दिसतोय. चव घ्यायचं धाडस झालं नाही.

१५ जून
सकाळी बाबांना मऊ पावावर लावून एक घास भरवला. त्यांनी सावकाश चघळला. माझ्याकडे बघितलं.
"करपलाय."
मी चार वेळा विचारलं, "काय म्हणालात, बाबा?" चारही वेळा म्हणाले. चौथ्यांदा तर चिडून!