कालव्यावरचा पिंजरा

प्रिय ताई,

तू गेल्यावर घर आवरलं. बाबांचे बूट अजून दारातच आहेत, उचलायला माझा हात होत नाही. आई बरी आहे. जेवते, पण मध्येच घास हातात धरून त्यांच्या खुर्चीकडे बघत राहते.

काल बाबांचा परवाना परत करायला वन खात्याच्या कार्यालयात गेलो होतो. रानटी जनावर पकडायला बंदी आहे, हे तुला मी काय सांगायचं? लहानपणी तू ससा धरून आणलास तेव्हा बाबांनी तुला आल्या पावली तो सोडायला पाठवलं होतं, आणि तू त्यांच्याशी अबोला धरला होतास. या बंदीला थोडे अपवाद आहेत, त्यातला एक कालव्याच्या बांधाचा. साळिंदर बांधात बिळं करतं. बांध फुटला तर खालची वस्ती पाण्यात जाईल, म्हणून तेवढ्या पट्ट्यात पिंजरा लावू देतात. अटी मात्र कडक. जनावराला इजा करायची नाही. ज्याच्या नावे परवाना त्याने किंवा त्याच्या घरच्या माणसाने रोज सकाळी पिंजरा बघायचा, आणि जे अडकलं असेल ते त्याच दिवशी कालव्यापलीकडे रानात सोडायचं. साहेब म्हणाले, बाकीच्यांचे पिंजरे तपासायला आम्हाला मागे लागावं लागतं. तुमचे वडील उलट आम्हालाच बोलावून बोलावून भंडावून सोडायचे. पिंजऱ्यात बाबा रताळं ठेवायचे, तेही निवडून. आई म्हणायची, जावयाचासुद्धा एवढा पाहुणचार होत नाही या घरात. परवाना मुलाच्या नावे होत नाही म्हणे. माणसाबरोबर संपतो. मी सही करून आलो.

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "बाबांनी शेवटी माझी आठवण काढली का?" तू आलीस त्या दिवशी दारातच विचारलं होतंस तेव्हा मी नुसती मान हलवली. तू ती होकाराची धरलीस. मग तू आत्याला सांगताना मी ऐकलं, "बाबा माझी वाट बघत होते आणि नेमकी माझी गाडी चुकली." आत्याचा राग माझ्यावर होता. बाप जात असताना मुलगा घरात नव्हता, असं ती चारचौघांत म्हणाली. मी दोघींनाही काही बोललो नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. पण फोनवरचा तुझा आवाज ऐकल्यापासून चैन नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्या सकाळी त्यांना जरा हुशारी वाटत होती. अर्धा कप चहा घेतला. मी उशी सारखी करत होतो तेव्हा म्हणाले, "पिंजरा बघून ये. अडकलं असेल तर उपाशी असेल बिचारं." मी गेलो. साळिंदर होतंच आत, काटे फुलवून माझ्याकडे पाठ करून बसलेलं. त्याला पलीकडे सोडून आलो, तर आई दारात उभी. तिला वाटलं होतं, झोप लागली आहे. ताई, त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. माझंही नाही, आईचंही नाही. ते कोणाचीच वाट बघत नव्हते. आपण आता जाणार, हे त्यांच्या गावीही नव्हतं. साळिंदराच्या न्याहारीची काळजी करत गेले ते. तेव्हा तुझी त्या दिवशी गाडी चुकली, ती नुसती गाडीच चुकली.

तुझाच,
धाकटा