भुताला माझी चाल

४ मार्च

आज मला भूत म्हणून निवडलं!

गेले होते नातीचा विसरलेला चष्मा द्यायला. ती आणि तिचे दोन सोबती गादीच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन कॉम्प्युटरवर भीतीचा गेम बनवतात. खेळणाऱ्याने एका घरात अडकायचं, बाहेर पडायचं दार शोधायचं. घरात एक म्हातारी फिरत असते, तिला सापडायचं नाही. हातात बंदूक नाही, काठी नाही. लपायचं आणि श्वास धरून बसायचं, बस. एवढ्याशा गोष्टीत पोरांनी सगळी कमाई आणि झोप घातली आहे!

तर त्या म्हातारीसाठी चाल हवी होती. नाटकात काम करणारी एक पोरगी आणली होती. गुणी होती बिचारी, पण चालत होती अशी, जशी चपलेत खडा गेलाय. मी आपली पाणी प्यायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. उजवा गुडघा माझा कधीचाच कामातून गेलेला. तो आधी अडतो, मग घासतो, मग हिसका देऊन एकदम पुढे येतो. पेला ठेवून वळले तर तिघंही माझ्या पायांकडे बघतायत. नाटकवालीही.

"आजी," नात म्हणाली, "परत एकदा चाल."

चालले.

"ईऽऽ!" नाटकवाली म्हणाली.

एवढं कौतुक माझं लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

६ मार्च

अंगाला चिकटून बसणारे काळे कपडे घातले. या वयात! वर पांढरे गोळे चिकटवलेले — खांद्यावर, कोपरावर, गुडघ्यावर, आणि आणखी कुठे ते लिहीत नाही. भिंतीवरचे कॅमेरे ते गोळे बघतात आणि कॉम्प्युटरमध्ये माझ्या जागी नुसत्या काड्यांची बाई चालते. इतकी बारीक मी जन्मात नव्हते. म्हटलं, हिचा एक फोटो द्या मला. हसले सगळे, दिला नाही कोणी.

नातीच्या सोबत्यांपैकी एक आवाजाचं बघतो. त्याला मी आवाजवालाच म्हणते. दुसरा खोलीतसुद्धा टोपी काढत नाही, तो टोपी. आवाजवाल्याने माझ्या गुडघ्याला माईक बांधला आणि म्हणाला, "आजी, उठा. बसा. उठा." गुडघ्याने कट्ट केलं की तो डोळे मिटून म्हणायचा, "वा!" इतकी वर्षं डॉक्टरकडे जातेय, पण माझा गुडघा असा मन लावून कोणी ऐकला नव्हता.

मुलाला — म्हणजे नातीच्या बापाला — अजून सांगितलेलं नाही. तो गाडी चालवायला शिकवतो. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो ना, तसा त्याच्या पायाशी अख्ख्या घराचा ब्रेक आहे. कोणी काही सुरू केलं की दाबलाच.

७ मार्च

गुडघा दुखतोय. छान दुखतोय!

१० मार्च

आज गेम खेळले. नात म्हणाली, तू स्वतःला बघितलंच पाहिजेस.

घर मात्र मनात जाऊन बसतं हो. खोलीतून बाहेर यावं, मागे वळावं, तर तीच खोली जरा लांब झालेली. घड्याळाचा काटा एकाच जागी थरथरतोय. भिंतीपलीकडे कोणी हळू बोलतंय, शब्द कळत नाहीत, पण आपल्याबद्दलच चाललंय एवढं नक्की कळतं. नात म्हणते, "भूत महत्त्वाचं नाही आजी. खेळणाऱ्याच्या मनात संशय बसला पाहिजे. घरातली माणसं काहीतरी लपवतायत असं वाटलं पाहिजे."

म्हटलं, "मग सासरची माणसं घ्यायची की. म्हातारी कशाला?"

खेळताना माझं काय झालं, घराचा पसाराच बघवेना. सगळे खण उघडे. नळ गळतायत. एका खोलीत तर ओला टॉवेल पलंगावर! मी एकेक आवरत निघाले.

"आजी, ती येतेय, पळा!" टोपी ओरडला.

"थांब रे, शेगडी चालू राहिलीय."

"आजी, ती शेगडी खरी नाही!"

"गॅस तर जातोय ना?"

तेवढ्यात मी आले. म्हणजे ती आली. अंधारातून आधी कट्ट, मग घासणं, मग हिसका. अगं बाई, काय रुबाब! मीच मला बघून खुर्चीत मागे सरकले. तिला म्हटलं, बस जरा, त्या गुडघ्याने किती फिरशील. तिने सरळ माझा गळा धरला. मेले.

टोपी म्हणाला, आजवर कोणी शेगडीपायी मेलं नव्हतं.

१५ मार्च

गेम विकणाऱ्या कंपनीची माणसं आली होती. बरोबर खेळून बघायला काही तरुण मुलं. मला पडद्याआड बसवलं, कारण मी आधी दिसले तर भीती जाते म्हणे.

एक चांगला आडदांड गडी, दंडावर वाघ गोंदवलेला. माझा गुडघा वाजला आणि तो खऱ्या टेबलाखाली शिरला! हेडफोन कानाला तसाच. "ती गेली का?" विचारत होता. मी पडद्याआडून म्हटलं, "नाही रे बाळा, इथेच आहे." मग तर त्याने टेबलच अंगावर पाडून घेतलं.

कंपनीची बाई नातीला म्हणाली, "बाकी सगळं आम्ही बाजारात बघितलंय. ही चाल नाही बघितली. ही आम्हाला अख्ख्या गेमभर हवी." जिन्यावरची, वळतानाची, वाकून पलंगाखाली बघतानाची — सगळी. ते झालं तर गेम ते विकत घेणार, त्यावर नाव नातीचंच. नाही झालं तर खोली सोडायची आणि तिला दूरच्या शहरात नोकरी बघायची.

नातीने मला उचलून गिरकी घेतली. दोघीही पडलो असतो.

१७ मार्च

दवाखान्यातून फोन. गुडघा बदलायच्या ऑपरेशनसाठी कधीपासून रांगेत आहे मी. कोणाचं तरी रद्द झालं, माझा नंबर वर आला. बावीस तारीख.

मागच्या वर्षी आला असता हा फोन तर मी फोनवालीच्या गळ्यात पडले असते. आज म्हटलं, "एवढ्या लवकर?"

मुलगा खूश. मग जेवताना माझ्या तोंडून सगळं निघून गेलं — गेम, चाल, गोळे, टेबलाखालचा गडी. चमचा खाली ठेवला त्याने.

"म्हणजे आजीच्या दुखण्यावर धंदा चाललाय बाईसाहेबांचा."

"बाबा, मी तिला एकदाही पुढे ढकल म्हटलं नाही. बावीसलाच होणार ऑपरेशन. मी दुसरं काहीतरी बघीन."

"दुसरं काय?"

 ती भाजीतले वाटाणे एका बाजूला करत बसली. तिला वाटाणे आवडतात.

१८ मार्च

डॉक्टरांकडे तपासायला गेलो. मुलगा बाहेर गाडी लावत होता तेवढ्यात विचारून घेतलं, "डॉक्टर, थोडं लंगडणं शिल्लक ठेवता येईल का?"

"काय?"

"पूर्ण नको. जिन्यापुरतं."

पेन खाली ठेवून बघत राहिले माझ्याकडे. म्हणाले, "आजी, लोक माझ्याशी सरळ पायासाठी भांडतात." मग गुडघ्याचा फोटो दिव्यावर धरून दाखवला. हाडावर हाड घासतंय. आता पुढे ढकललं तर पुढचा नंबर कधी लागेल माहीत नाही, आणि पाय तोवर साथ देईलच असंही नाही. खुर्चीला खिळाल, म्हणाले.

म्हटलं, खुर्चीतलं भूत चालेल का विचारते. त्यांना वाटलं मला ताप आहे. थर्मामीटर लावला.

१९ मार्च

आज सगळ्यांना माझी चाल शिकवली. नात, आवाजवाला, टोपी, तिघंही खोलीभर लंगडत होते. खालचा गादीवाला छत हादरतंय म्हणून भांडायला वर आला आणि तोही लंगडून बघायला लागला! त्याला वाटलं व्यायाम आहे.

कोणालाच जमेना. ते सगळे पाय दुखतोय असं दाखवतात. मी दुखत नाही असं दाखवते. ते कसं शिकवायचं?

घरी येऊन दवाखान्यात फोन लावला. कोणाला न विचारता.

"ती बावीस तारखेची पेशंट आहे ना, गुडघ्याची, ती गेली."

"अरेरे! कधी?"

"आत्ताच."

"आपण कोण बोलताय?"

"मीच."

फोनवालीने मला ओळखलं. "आजी, येताना उपाशीपोटी या," म्हणाली आणि ठेवला.

२० मार्च

नातीला म्हटलं, हातात आहे तेवढ्या वेळात उरकून टाकू. ती नाही नाही म्हणत होती. मी कपडे चढवले पण, गोळे स्वतः लावले, दोन चुकीच्या जागी. सपाटीवरचं झालं, वळायचं झालं. लाकडी जिना आणून ठेवला होता, त्यावर चढले. वरच्या पायरीवर गुडघा अडला. हिसका आलाच नाही. पाय माझा नव्हताच जणू. खाली आले ती गाद्यांवर. गादीवाल्याने उसन्या दिल्या होत्या म्हणून डोकं वाचलं.

आवाजवाल्याने माईक बंद केला. नातीने माझ्या अंगावरचे गोळे एकेक काढले, डब्यात भरले, झाकण लावलं.

"बस, आजी."

मुलगा न्यायला आला. शिकवायच्या गाडीतून नेलं, वर पाटी आहे ना 'सांभाळा, शिकाऊ' ती. मी पुढे, नात मागे.

मग त्याने आरशात बघून विचारलं, "किती राहिलंय?"

"अर्धं."

रागावेल वाटलं होतं. त्याने नुसती गाडी हळू केली.

२२ मार्च

उपाशी. भीती वाटतेय. इथे दवाखान्यात गेमसारखं कपाट असतं तर लपले असते.

२९ मार्च

घरी आले. नवीन गुडघा पाहुण्यासारखा बसलाय, अंग चोरून. आवाज नाही की काही नाही. वॉकर धरून संडासापर्यंत जाते. व्यायामवाली बाई येते, "सरळ, आजी, सरळ! पाय ओढू नका!" म्हणून ओरडते. आयुष्यभराची कला, ती मोडायचे पैसे घेते.

कंपनीच्या बाईने नातीला मे महिन्यापर्यंत थांबते म्हणून सांगितलं. दुसरी म्हातारी बघा म्हणाली. टोपी दोघी-तिघींना घेऊन आला होता. एकीने चालायच्या आधी तासभर सुनेचं सांगितलं. टोपी म्हणतो, ते जास्त भयानक होतं.

१६ एप्रिल

वॉकर सुटला. आरशासमोर लंगडून बघितलं. येत नाही! माझीच चाल मला येत नाही. त्या नाटकवालीसारखी दिसते, चपलेत खडा गेलेली.

मुलगा दारात होता. कधीपासून, देव जाणे. म्हणाला, "आई, चांगलं चालतेस की." मी रडले. त्याला वाटलं आनंदाने.

३ मे

जिना चढले. उतरले. परत चढले, उगीचच. दुखत नाही! मग आनंद झाल्याची लाज वाटली.

नातीने दूरच्या शहरात नोकरीचं विचारलंय. कंपनीची माणसं नऊ तारखेला शेवटचं बघायला येणार, आहे ते अर्धं दाखवून सोडून देऊ म्हणते. आज खोलीतले कॅमेरे काढणार होते. मीही गेले. टोपी स्टुलावर चढून स्क्रू शोधत होता.

म्हटलं, "थांबा. एकदा ते कपडे घालू दे. मजा म्हणून."

"आजी, आता चाल नाहीये ती," नात म्हणाली.

"माहीत आहे गं. पण कॅमेरे लावलेलेच आहेत ना?"

घातले. खोलीच्या या टोकाला उभी राहिले. कित्येक वर्षांत केलं नव्हतं, ते करून बघावंसं वाटलं.

९ मे

आता गेममध्ये असं आहे — अर्ध्यापर्यंत म्हातारी लंगडते. माणसं सैलावतात, ही काय आपल्याला गाठतेय म्हणून आरामात खण उघडून बघतात. मग ती बोळाच्या टोकाला सरळ उभी दिसते. आणि धावते.

कंपनीच्या बाईने सह्या केल्या. नात कुठे जात नाही!

मुलगाही खेळला आज, पहिल्यांदाच. मी धावत आले तसा हेडफोन फेकून जिना उतरून रस्त्यावर. मी कंपनीला धावून दाखवायला घातलेल्या काळ्या कपड्यांत तशीच त्याच्यामागे, "अरे थांब, खोटं आहे ते!" म्हणत. लोक बाजूला होत होते. कोपऱ्यावर गाठला. धाप त्यालाच लागली होती!