मेणातली गोळी

९ जुलै
नाही म्हणजे नाही! एसी लागणार नाही. सुनेला, रुईलानला, बाळंत होऊन आठवडाही झाला नाही, आणि माझा लेक विचारतो, "आई, थोडा वेळ तरी लावू?" रिमोट मी माझ्या औषधांच्या दुकानात नेऊन जडीबुटीच्या खणात टाकला. बाळंतिणीच्या हाडांत एकदा वारं शिरलं की जन्मभर गुडघे धरून बसते बाई. मी बसतेच ना! नानजिंगचा उन्हाळा काय आजचा आहे?

सुनेला आई नाही. करायचं ते मलाच. डोक्याला फडकं, पायांत मोजे, खिडक्या बंद, आलं घातलेलं लाल साखरेचं गरम पाणी. निमूट पिते. "आई, अंगाची लाही होतेय हो," एवढंच म्हणाली.

११ जुलै
दुकानात उन्हाळ्याच्या काढ्यांना गर्दी. रस्त्यावर काम करणारा एक मजूर उन्हाने कोसळलेला. त्याची बायको धावत आली. मी विचारलं, "मुठी आवळल्यात? दातखीळ बसलीय?" म्हणाली, हो. मग मेणात बंद केलेली गोळी दिली – गोरोचन, कस्तुरी, सगळं जातिवंत. डोक्यात चढलेली आग उतरवते, मेंदू राखते. वर बजावलं, "शुद्धीवर आला तरच भरव. आणि आधी अंगावर पाणी ओत, दवाखान्यात ने!"

अशी एक गोळी माझ्या कपाटातही आहे. साठीला खायमिंगने दिलेली. गुणी आहे लेक, पण हल्ली बायकोचं फार ऐकतो.

१२ जुलै
रुईलान बरळतेय. अंग तापलेलं, घामाचा थेंब नाही. खायमिंग म्हणाला, "तुझी ती गोळी दे ना!"

कशी देऊ? गोळी महाथंड. बाळंतीण आधीच रक्त गेलेली, आतून गार. दूध आटेल, कूस गारठेल. तो म्हणाला, "काल त्या मजुराला दिलीस की!" मी खेकसले, "तो बाळंत झालाय का?"

वरून आणखी एक पांघरूण घातलं. घाम फुटला की उतरेल.

संध्याकाळ – झटके आले. मुठी आवळलेल्या. दात घट्ट. परक्या बाईला काल ज्या खुणा विचारल्या, त्याच माझ्या घरात!

१३ जुलै
हॉस्पिटल. ओल्या चादरी, बर्फ, पंखे. डॉक्टर पेई पोरसवदा आहेत, रागावल्या नाहीत. "मावशी, खोली बंद होती का?" मी मान डोलावली. खायमिंग भिंतीकडे बघत होता.

कपाटातली गोळी घेऊन आले, मेण फोडलं. गोळी कोमट पाण्यात खलली. डॉक्टर म्हणाल्या, "नळीतून देऊ, हरकत नाही. पण आत्ता भिस्त बर्फावर. मेंदूला किती झळ लागलीय, ते ती जागी झाल्यावरच कळेल."

जीव वाचावा आणि डोकं शाबूत राहावं. दुसरं काही मागत नाही. मी मारलं पोरीला. मायेने मारलं.

१५ जुलै
ताप उतरला. शुद्ध नाही. बाळ वरच्या दुधावर. खायमिंग माझ्याशी बोलत नाही.

१६ जुलै
गल्लीभर माझाच बोभाटा – शूबाईंच्या गोळीने सून वाचली! सकाळीच तिघीजणी गोळ्या मागायला हजर. "तुमच्या हाताला गुण आहे हो!" एकीची लेक परवाच बाळंत झालीय. मी किंचाळले, "गोळी नको, खिडक्या उघड आधी! तिचे मोजे काढ!"

त्या एकमेकींकडे बघत गेल्या. काळजीने म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणाल्या असतील. समोरच्या दुकानातून घेतल्या त्यांनी.

१८ जुलै
जागी झाली! बोलणं जड आहे, पण मला ओळखलं – "आई" म्हणाली. खायमिंगचा हात धरला. "दुकानात कोण आहे?" असंही विचारलं. गोळीने म्हणा, बर्फाने म्हणा – मी दोघांनाही हात जोडते. जिन्यात बसून पोटभर रडले.

१९ जुलै
बाळाला नेलं. भुकेने टाहो फोडत होतं. रुईलानने त्याच्या गालाला बोट लावलं, हसली. म्हणाली, "किती रडतंय हो, आई! याच्या आईकडे द्या ना. वाट बघत असेल बिचारी."