अकरा घरटी, अकरा झेंड्या

ती. मावशीस,

कंबर धरून का होईना, पण पुरता वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? लेकीकडचा जिना झेपतो ना? नातीला पापा. इकडे सगळे मजेत. तुझ्या म्हशीही मजेत; फक्त तुझ्या सूनबाईला दूध देताना त्या तुझ्यासारखंच तोंड फिरवतात. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. राग गिळून वाच, आणि ताज्या कलमासकट वाच.

आपल्या पक्षी संरक्षण समितीचं काम जोरात चाललं आहे. नदीकाठच्या खडकाळ माळावर टिटव्यांची अकरा घरटी सापडली. (घरटी म्हणायची आपली. चार खडे बाजूला सारून उघड्यावर अंडी घालायची, याला घरटं म्हणणारा पहिला माणूस नक्की भाडेकरू असणार.) आता मी पडलो मोजणी खात्यात तीस वर्षं काढलेला. जमिनीवर काही सापडलं की शेजारी लाल झेंडी रोवल्याशिवाय मला घास उतरत नाही. सभेत मी तसं सुचवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मागच्या बाकावरून तू म्हणालीस, खुणा करू नका, आपल्याला दिसेल ते कावळ्यालाही दिसेल. त्यावर मी काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं. ‘हा तांत्रिक विषय आहे मावशी, तू चहाचं तेवढं बघ.’ चाळीस वर्षं त्या माळावर म्हशी चारल्यास, एका अंड्यावर खूर पडू दिला नाहीस, आणि तुला मी चहाचं बघायला सांगितलं! तू उठून गेलीस ती थेट पुलापलीकडे, लेकीच्या घरी. (चहा त्या दिवशी कुणालाच मिळाला नाही.)

असो. शिंपीबुवांनी अकरा झेंड्या शिवल्या, वर दुहेरी टीप. मी प्रत्येकीवर क्रमांक घातला. दोन दिवस कावळे लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा कावळा पहिल्या झेंडीच्या काठीवर बसला, खाली वाकला आणि त्याला आमची कामाची पद्धत समजली. मग तो ओळीनं गेला. क्रमांक एक, क्रमांक दोन, क्रमांक तीन. (इतका शिस्तीचा माणूस आमच्या खात्यात मी पाहिला नाही.) आठ घरटी गेली. तातडीची सभा भरली, आणि त्यात झेंड्या आणखी मोठ्या कराव्यात असं ठरलं. लाज वाटते, पण हात मीही वर केला होता. त्या टिटव्या रिकाम्या खड्यांपाशी येऊन ओरडत राहतात. ते ऐकून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मावशी, तुझं खरं होतं आणि मी मूर्ख ठरलो.

बाकी क्षेम. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा,
शहाणा भाचा

ता. क. : उरलेल्या तीन घरट्यांत पिल्लं बाहेर यायला आठवडाभर असेल. तेवढ्यापुरती तरी ये. अध्यक्षपद तुझं. चहाचं मी बघतो.

आणखी एक ता. क. : वरचं पत्र काल घरी लिहून खिशात ठेवलं होतं. आज सकाळी शहाणपण सुचलं, म्हणून एकटाच माळावर जाऊन उरलेल्या घरट्यांच्या तिन्ही झेंड्या उपटल्या. उपटल्यावर कळलं, की अंडी कुठली आणि खडे कुठले हे मला ओळखताच येत नाही; इतके दिवस मी फक्त झेंड्या ओळखत होतो. तिन्ही घरटी इथेच जवळपास आहेत. टिटव्या चारी बाजूंनी शिव्या घालताहेत आणि मी एका धोंड्यावर पाय पोटाशी घेऊन बसलो आहे. मला शोधत आलेल्या आमच्या सौ. माळाच्या कडेला उभ्या आहेत. ‘बसलाच आहात तर उबवा आता,’ एवढंच म्हणाल्या. तिन्ही काठ्या एकीला एक बांधून हे पत्र त्यांच्याकडे पोचवतो आहे. त्या स्वतः ते तुझ्याकडे घेऊन येतील.

मावशी, ऊन चढायला लागलंय. मी इथून उठल्याशिवाय टिटव्या अंड्यांवर बसणार नाहीत, आणि तू आल्याशिवाय मला पाऊल टाकता येत नाही.