अडतीस ग्रॅम

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली दुरुस्त करणे व हलक्या करणे, ज्याला सगळा बाजार छटाकमिस्त्री म्हणून ओळखतो, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझा हात थरथरतो, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. आठ वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र, ज्यात धाकट्या भावाला ‘एक पानासुद्धा देऊ नये’ असे लिहिले होते, ते मी रद्द करतो. त्याचे कारण कलम चारमध्ये आहे. ते लिहिण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

१. राहते घर, म्हणजे गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या, आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या मुलीला मिळावी. स्वयंपाकघरातला नळ गळतो. लोकांची इंजिने ठणठणीत केली, घरचा नळ राहून गेला. तिची आई यावरून मला शेवटपर्यंत बोलत होती, आणि तिचे काही चुकत नव्हते.

२. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर प्रत्येक सुट्या भागाचे वजन पेन्सिलीने लिहिले आहे, भोके पाडण्याआधीचे आणि नंतरचे. त्या भिंतीला रंग देऊ नये. खालून चौथी ओळ माझ्या मुलाची आहे. अक्षर कोंबडीचे पाय, वजाबाकी मात्र अचूक.

३. क्रोम चढवणाऱ्या माझ्या मित्राने माझा एक सायलेन्सर अकरा महिने अडकवून ठेवला होता. त्याला काहीही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलबाई म्हणतात. बरेच झाले.

४. गॅरेज, सर्व हत्यारे, वजनकाटा आणि हिरवी मोटारसायकल धाकट्या भावाला मिळावी.

आमच्या गॅरेजची एक रीत होती. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. ते राहिले तर पिस्टन जाम होतो, मागचे चाक जागच्या जागी आवळते आणि माणूस फेकला जातो. म्हणून ज्याने ऑइल मिसळले त्याने टाकीच्या झाकणाला लाल चिंधी बांधायची. चिंधी नसेल तर किक मारायची नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी माझा मुलगा, वय तेवीस, हिरवी गाडी घेऊन चाचणीला गेला आणि पुलाच्या उतारावर मागचे चाक आवळून पडला. तो जागीच गेला. तिथे सर्वात आधी मी पोचलो. मागच्या ब्रेकला धरून ठेवणारी पट्टी तुटून दोन तुकडे झाले होते. ती तुटली की ब्रेक चाकाबरोबर फिरतो आणि चाक तसेच आवळते. गाडी हलकी व्हावी म्हणून त्या पट्टीला मी पाच भोके पाडली होती. धाकटा तेव्हा म्हणाला होता, “दादा, या पट्टीला हात लावू नकोस. सगळा भार तीच घेते.” मी म्हणालो, “तू तुझं ऑइल सांभाळ.” त्या पाच भोकांनी अडतीस ग्रॅम वाचले.

टाकीच्या झाकणाला लाल चिंधी होती. मी ती ओढून काढली आणि पट्टीच्या तुकड्यांबरोबर खिशात घातली. घरी येऊन सांगितले, गाडीत ऑइल नव्हते. इंजिन मी कोणाला उघडू दिले नाही.

धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला, “दादा, मी मिसळलं होतं. चिंधी बांधली होती मी.”

“मग कुठंय चिंधी?” असे मी विचारले. ती माझ्या खिशात होती.

माझ्या बायकोने त्याला पुन्हा घराची पायरी चढू दिली नाही आणि ती तशीच गेली. क्रोमवाल्याने माझ्यावर विश्वास ठेवून ही गोष्ट बाजारभर सांगितली. धाकट्याच्या हाती कोणी गाडी देईना. सहा वर्षांनी त्याची चिठ्ठी आली: ‘दादा, आठवून आठवून आता मलाच खात्री वाटत नाही. मीच विसरलो असेन. माफ कर.’ मी उत्तर पाठवले नाही. मुलाला मी चुकून मारले, भावाला जाणूनबुजून.

हे मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “बाबा, आत्ताच्या आत्ता काकाकडे जा.” दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. मी भित्रा माणूस आहे.

५. म्हणून हे मृत्युपत्र त्याच्या दारात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे वाचावे. हिरवी गाडी मी पुन्हा उभी केली आहे, मूळ वजनाची, एकही भोक न पाडलेली. टाकी कोरडी आहे. पहिले ऑइल त्याने मिसळावे. काट्याखालच्या पत्र्याच्या डब्यात पट्टीचे तुकडे, त्याची चिठ्ठी आणि ती चिंधी आहे. चिंधीची गाठ मी सोडलेली नाही. धाकटा डावखुरा आहे, त्याची गाठ उलटी पडते. बघताच त्याला कळेल की तो विसरला नव्हता.

वरील मजकूर स्वतःच्या हाताने लिहून, वाचून, साक्षीदारांनाही वाचायला लावून सही केली.

ठिकाण: गॅरेज, वजनकाट्याजवळचे टेबल
दिनांक: ३ मार्च २०१९

सही: छटाकमिस्त्री

साक्षीदार १, समोरच्या दुकानातला शिंपी: मिस्त्रींनी माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार २, क्रोमवाला: माझ्याही देखत केली. मरणाची वाट बघायला मला वेळ नाही. डबा घेऊन मी आत्ताच धाकट्याकडे निघालो आहे. मिस्त्रीने अडवले नाही.